भारतातून कॅनडात संसार हलवताना : सीमाशुल्काविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायमच्या वास्तव्यासाठी कॅनडात जाणाऱ्या मराठी कुटुंबांना व्हिसा, तिकिटे आणि मुलांच्या शाळा यांची जेवढी धास्ती असते, तेवढी घरच्या सामानाची नसते. नेमके तेच सामान पुढे न्हावाशेवाच्या बंदरात किंवा टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या गोदामात अडकून पडते. कॅनडाचे नियम स्थायिक होणाऱ्यांच्या बाबतीत उदार आहेत; बहुतेक कुटुंबांना आपल्या वापरलेल्या सामानावर एक डॉलरही शुल्क भरावे लागत नाही. अडचण होते ती शुल्कामुळे नव्हे, तर यादी वेळेवर आणि नीट न केल्यामुळे. म्हणून पुढील उत्तरांत यादीचा उल्लेख पुन्हा पुन्हा आलेला दिसेल.

शुल्कमाफी नेमकी कोणाला मिळते?

कॅनडाच्या सीमाशुल्क कायद्याच्या भाषेत ज्याला ‘सेटलर’ म्हणतात, त्याला. किमान १२ महिने राहण्याच्या हेतूने कॅनडात पहिल्यांदाच आपले घर मांडणारी व्यक्ती म्हणजे सेटलर. पीआर, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी, मिळवून पहिल्यांदा उतरणारे कुटुंब या व्याख्येत सरळ बसते. अशा कुटुंबाचे सामान शुल्कसूचीतील ९८०७ या क्रमांकाखाली शुल्क आणि कर न लावता आत घेतले जाते. अंमलबजावणी कॅनडा बॉर्डर सर्व्हिसेस एजन्सी, म्हणजे सीबीएसए, करते. इमिग्रेशन खाते वेगळे आहे. पीआरची कागदपत्रे पूर्ण झाली म्हणजे सामानाचेही काम झाले, असा समज करून घेऊ नये. विमानतळावर ही दोन वेगळी कामे असतात आणि दुसरे काम आपण स्वतःहून काढल्याशिवाय कोणी आठवण करून देईलच असे नाही.

मी वर्क परमिटवर किंवा शिक्षणासाठी जात आहे. मला ही सवलत आहे का?

सेटलर म्हणून नाही. ३६ महिन्यांपेक्षा जास्त नसलेल्या तात्पुरत्या नोकरीसाठी येणारे आणि शिक्षणासाठी येणारे या दोघांनाही व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे. याचा अर्थ त्यांनी सामान आणू नये असा नव्हे. त्यांचे वैयक्तिक आणि घरगुती सामान तात्पुरत्या आयातीच्या वेगळ्या तरतुदीखाली शुल्काशिवाय येते, मात्र ते कॅनडात विकता येत नाही, दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही आणि परत जाताना सोबत न्यावे लागते. अधिकाऱ्याला आवश्यक वाटल्यास तो अनामत रक्कमही मागू शकतो. विद्यार्थी बहुधा दोन बॅगांवर जातात, त्यामुळे त्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. पण दोन वर्षांच्या नेमणुकीवर सहकुटुंब जाणाऱ्यांनी सगळा संसार कंटेनरमध्ये भरण्याआधी या फरकाचा विचार करावा.

सामान ‘आपले’ ठरण्याच्या अटी कोणत्या?

अटी तीन आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. कॅनडात पोहोचण्यापूर्वी वस्तू आपल्या मालकीची असली पाहिजे, आपल्या ताब्यात असली पाहिजे आणि आपण ती वापरलेली असली पाहिजे. बहुतेकांचे गणित तिसऱ्या अटीवर चुकते. जाण्याच्या आठवड्यात दुकानातून घेतलेला आणि खोक्याची चिकटपट्टीही न काढलेला मिक्सर मालकीचा आहे, ताब्यातही आहे, पण वापरलेला नाही. त्यावर नेहमीचे शुल्क आणि कर लागू शकतो. भाड्याने किंवा लीजवर घेतलेली वस्तू पहिल्याच अटीत बाद होते. काही वर्षांपूर्वी भाड्याने आणलेले फर्निचर नंतर विकत घेतले असेल, तर ते विकत घेतल्याची पावती जवळ ठेवावी.

पावत्या हा यातला सर्वांत सोपा पुरावा आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या पितळी घंगाळाची पावती कोणी मागत नाही, कारण ते जुने आहे हे डोळ्यांना दिसते. नव्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूंबाबत मात्र प्रश्न विचारले जातात आणि त्यांच्या पावत्या मोबाइलमध्ये छायाचित्ररूपाने का होईना, सोबत असाव्यात.

कोणकोणत्या वस्तू या सवलतीत बसतात?

कपडे, अंथरूण-पांघरूण, फर्निचर, भांडीकुंडी, घरगुती उपकरणे, चांदीची भांडी, दागिने, वडिलोपार्जित वस्तू, पुस्तके, वाद्ये, घरचा संगणक, नाणी किंवा तिकिटांचा खासगी संग्रह, छंदासाठीची अवजारे, हे सर्व बसते. कॅनडातील नातेवाइकांसाठी नेलेली भेटवस्तू प्रत्येकी ६० कॅनेडियन डॉलरपर्यंत चालते. धंद्यासाठी वापरायची साधने मात्र बसत नाहीत. घरी शिवणकाम करणाऱ्या गृहिणीचे शिलाई यंत्र आणि टेलरिंगचा व्यवसाय करणाऱ्याची सहा यंत्रे यांत सीबीएसए फरक करते, आणि तो वाजवीच आहे.

लग्न नुकतेच झाले आहे. आहेर आणि रुखवतातल्या वस्तू न वापरलेल्या आहेत. त्यांचे काय?

या प्रश्नाचे उत्तर फार थोड्या लोकांना ठाऊक असते, आणि ते आपल्या बाजूचे आहे. कॅनडात पोहोचण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत लग्न झाले असेल, किंवा पोहोचल्यानंतर तीन महिन्यांच्या आत लग्न होणार असेल, तर लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंना ‘वापरलेल्या असाव्यात’ ही अट लागू होत नाही. मालकी आणि ताबा या दोन अटी मात्र कायम राहतात, म्हणजेच वस्तू कॅनडात पोहोचण्याआधी आपल्या हातात आलेल्या असल्या पाहिजेत. हीच सूट वधू आपल्यासोबत नेते त्या संसारोपयोगी वस्तूंनाही आहे. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात युरोपातील वधूची पेटी असणार, पण आपल्या रुखवतातील ताट-वाट्यांचा संच, कुकर, पैठण्या आणि चांदीचे निरांजन त्या व्याख्येत अगदी चपखल बसते.

सूट मिळवायची असेल तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे आणि यादीत अशा वस्तूंपुढे ‘लग्नातील भेट’ असे स्वतंत्रपणे नमूद करावे. लग्न होऊन चार महिने झाल्यावर जाणाऱ्यांना ही सूट नाही. त्यांनी कुकर खोक्यातून काढून दोन-चार वेळा भात लावावा, हे उत्तम. सीमाशुल्काशी थेट संबंध नसला तरी एक गोष्ट येथेच सांगणे बरे : कॅनडातील घरगुती वीज १२० व्होल्टची असते आणि आपली २३० व्होल्टची. त्यामुळे भारतीय मिक्सर, इस्त्री आणि ओव्हन तेथे ट्रान्सफॉर्मरशिवाय निरुपयोगी ठरतात. शुल्कमाफी मिळाली म्हणून ते नेण्यात शहाणपण नाही.

यादी कशी करावी आणि ती कोणाला द्यावी?

एकच यादी नव्हे, दोन याद्या करायच्या असतात, आणि प्रत्येकीच्या दोन प्रती. पहिली यादी आपल्यासोबत विमानातून येणाऱ्या सामानाची, आणि दुसरी मागाहून जहाजाने किंवा विमानमार्गे येणाऱ्या सामानाची. यासाठीचा अधिकृत फॉर्म बीएसएफ १८६ हा आहे; अनेक वर्षे तो बी-४ या नावाने ओळखला जात असे आणि जुने लोक अजूनही तेच नाव घेतात. सामान जास्त असेल तर जोडपत्र म्हणून बीएसएफ १८६ ए वापरतात. आधीपासून टंकलिखित यादी तयार असली तर अधिकारी ती फॉर्मला जोडून घेतात आणि काम काही मिनिटांत उरकते.

दोन्ही याद्या कॅनडातील पहिल्या विमानतळावर, पहिल्याच दिवशी, द्यायच्या असतात. कॅल्गरीला जायचे असले आणि विमान टोरांटोला बदलायचे असले, तरी सीमाशुल्काची तपासणी टोरांटोलाच होते. चोवीस तासांच्या प्रवासानंतर, झोपेने पेंगुळलेली मुले आणि सहा बॅगा घेऊन उभे असताना ‘पुढे कधीतरी सामान येणार आहे’ हे सांगायचा कंटाळा येतो. नेमका तो कंटाळा महागात पडतो. मागाहून येणाऱ्या सामानाची नोंद पहिल्या दिवशी झालेली नसेल, तर ते सामान आल्यावर शुल्क भरण्याची वेळ येऊ शकते. सामान कधी पाठवायचे हे अजून ठरले नसले, किंवा ते पुण्यात सासरी माळ्यावर ठेवून जाणार असाल, तरी ते यादीत घालावे. यादीत लिहिलेली वस्तू पुढे आणली नाही तर काहीच बिघडत नाही. न लिहिलेली वस्तू आणली तर बिघडते.

प्रत्येक नोंदीत वस्तूचे वर्णन, शक्य तेथे निर्मात्याचे नाव, मॉडेल व अनुक्रमांक आणि कॅनेडियन डॉलरमध्ये किंमत असावी. ‘स्वयंपाकघरातील सामान, १ खोके’ अशी नोंद अपुरी आहे. ‘स्टीलची भांडी, वापरलेली, ४० नग’ ही पुरेशी आहे. चमचे मोजत बसण्याचे कारण नाही. भाषेबाबत म्हणायचे तर ‘परात’, ‘विळी’, ‘पाटा-वरवंटा’ हे शब्द इंग्रजी लिपीत लिहून भागत नाही. ती वस्तू काय काम करते ते इंग्रजीत लिहावे. आणि खोक्यावरचा क्रमांक यादीतील क्रमांकाशी जुळवावा. पॅकर्सची माणसे खोकी भरतात तेव्हा घरातील एकाने वही घेऊन तेथे बसावेच, कारण त्यांच्या यादीत अर्ध्या खोक्यांपुढे ‘घरगुती सामान’ एवढेच लिहिलेले असते.

शिक्का मारून परत मिळालेली प्रत पासपोर्टइतकीच जपावी. सामान सोडवताना तीच मागतात.

किंमत खरेदीची लिहायची की आजची?

आजची, म्हणजे ती वस्तू आहे त्या अवस्थेत विकली तर जी मिळेल ती. आठ वर्षांपूर्वी ६०,००० रुपयांना घेतलेल्या सोफ्याची किंमत आज तितकी नसते, आणि तशी लिहिण्याची अपेक्षाही नाही. उलट प्रत्येक वस्तूपुढे १ डॉलर लिहिण्याचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नये. माफी मिळणारच असताना खोटी किंमत लिहून काहीच साधत नाही, आणि सामान वाहतुकीत हरवले तर विमा कंपनी तीच यादी पुढे करते.

एखादी वस्तू फार मौल्यवान असेल तर?

कोणत्याही एका वस्तूची किंमत आयातीच्या दिवशी १०,००० कॅनेडियन डॉलरपेक्षा जास्त असेल, तर १०,००० वरच्या रकमेवर नेहमीचे शुल्क व कर भरावे लागतात. मर्यादा एका वस्तूसाठी आहे, एकूण सामानासाठी नाही. उदाहरणार्थ, ऑन्टारिओत राहायला जाणाऱ्या व्यक्तीचा एखादा हार १४,००० डॉलरचा असेल, तर हिशोब ४,००० डॉलरवर होईल. तेथील एचएसटी हा १३ टक्के विक्रीकर धरला तर केवळ त्या करापोटीच किमान ५२० डॉलर, शिवाय त्या वस्तूला लागू असेल ते सीमाशुल्क. अल्बर्टा प्रांतात असा कर ५ टक्के आहे. सोन्याचे भाव ज्या वेगाने वाढले आहेत, तो पाहता वीस वर्षांपूर्वी सहज वाटणारे दागिने आज या रेषेच्या जवळ पोहोचलेले असतात, म्हणून मूल्यांकन ताजे असावे.

दागिन्यांची नोंद न करता ते अंगावर घालून गेले तर चालणार नाही का?

पकडले जाण्याची शक्यता कमी आहे असे लोक सांगतात. प्रश्न पहिल्या प्रवासाचा नाहीच. तीन वर्षांनी आपण भाचीच्या लग्नाला नागपूरला जातो, लग्नात नेहमीचेच पाटल्या-बांगड्या आणि तन्मणी घालतो, आणि टोरांटोला परतताना अधिकारी विचारतो की हे दागिने या सहलीत भारतात घेतले का. ते आधीपासूनचे आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर असते. कॅमेरा किंवा लॅपटॉप यांसारख्या अनुक्रमांक असलेल्या वस्तूंची कॅनडातून निघताना एका कार्डावर नोंद करून घेता येते. दागिन्यांवर असा क्रमांक नसल्याने ती सोय त्यांना नाही. अशा वेळी पहिल्या दिवशीच्या यादीची शिक्का मारलेली प्रत हाच आयुष्यभर पुरणारा पुरावा ठरतो.

म्हणून निघण्यापूर्वी सराफाकडून वजन, शुद्धता आणि घडण यांसह इंग्रजीत मूल्यांकनपत्र घ्यावे, प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र काढून त्यावर तारीख व स्वाक्षरी करून घ्यावी, आणि यादीत त्या पत्रातीलच शब्द वापरावेत. ‘सोन्याचे दागिने, २५ तोळे’ ही नोंद निरुपयोगी आहे, कारण ती कोणत्याही २५ तोळ्यांना लागू पडते. मंगळसूत्रही लिहावे. भारतात ते पुन्हा आणताना येथील सीमाशुल्क खात्याने अडवू नये, यासाठी मुंबईच्या विमानतळावरून निघताना निर्यात प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. त्यासाठी बॅगा देण्याआधी हातात वेळ ठेवावा.

देवघरातील जुने देव आणि घराण्यातील पोथ्या नेता येतील का?

येथे कॅनडाचा नव्हे, भारताचा कायदा आडवा येतो. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ नुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुनी मूर्ती, चित्र, नाणे अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पणजोबांच्या हातची बोरूने लिहिलेली पोथी ही आपली कौटुंबिक ठेव असली, तरी तिला साहित्यिक किंवा ऐतिहासिक मूल्य असेल तर ती या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. घरचा टाक किती वर्षांचा हे बहुधा कोणालाच नक्की माहीत नसते आणि ‘पिढ्यान्‌पिढ्या’ हे उत्तर बंदरातील अधिकाऱ्यासमोर आपल्याच विरुद्ध जाते. शंका असलेल्या वस्तूंसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरातन नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि ते सामान बांधण्याच्या पुष्कळ आधी घ्यावे. जी वस्तू खरोखरच जुनी आहे, ती भावाकडे ठेवून जावी.

शिसवी फर्निचर, तबला, मोरपिसे, चंदन?

सागवानाबाबत अडचण नाही. शिसव आणि शिसम ही दोन्ही झाडे डॅलबर्जिया या वंशातील आहेत आणि हा संपूर्ण वंश २०१७ च्या जानेवारीपासून वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे साइट्समध्ये, समाविष्ट आहे. पुढे २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्ये आणि १० किलोपर्यंत लाकूड असलेल्या तयार वस्तू यांना त्यातून सूट मिळाली. त्यामुळे शिसमाचा तबला निर्धास्त न्यावा. आजोबांचा शिसवी पलंग किंवा मोठे कपाट न्यायचे असेल तर कागदपत्रांची चौकशी मूव्हर्सकडे आधीच करावी, आणि ‘होऊन जाईल साहेब’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

मोराची पिसे आणि त्यांपासून केलेल्या वस्तूंची भारतातून निर्यातच करता येत नाही. घरच्या कृष्णाच्या मुकुटातील पीसही काढून ठेवावे. हस्तिदंताची डबी, हरणाची शिंगे, व्याघ्राजिन यांपैकी काहीही सामानात असू नये. चंदनाच्या लाकडाच्या निर्यातीवर निर्बंध आहेत. देवघरातील सहाणेवरचे छोटे खोड तेथील भारतीय दुकानांतून घेणे सोपे.

लाकडी पेटाऱ्यांवर कसला शिक्का लागतो?

सामान लाकडी पेटाऱ्यात किंवा पॅलेटवर बांधले असेल, तर त्या लाकडावर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का असावा लागतो : गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह, देशाची आद्याक्षरे आणि प्रक्रियेचे संक्षेप. उष्णता देऊन प्रक्रिया केली असेल तर लाकडाच्या गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सिअस ठेवलेले असते, जेणेकरून त्यातील किडे व अळ्या मरतात. प्लायवूडला हा नियम नाही. शिक्का नसलेल्या लाकडासाठी कॅनडा संपूर्ण पेटारा परत पाठवायला लावू शकतो, मग आत कितीही साधे सामान असो. ओळखीच्या सुताराकडून स्वस्तात पेटारा करून घेण्याचा मोह येथेच आवरावा.

खाद्यपदार्थ, तुळस आणि गणपतीची मूर्ती?

कंटेनरमध्ये खाद्यपदार्थ भरूच नयेत, असे आमचे मत आहे. महिना-दीड महिना समुद्रावर उष्ण-दमट हवेत राहिलेल्या लोणच्याची बरणी फुटली तर तिच्यासोबतची खोकी बाद होतात, आणि अन्नपदार्थ दिसले की तपासणीची शक्यता वाढते. काय चालते आणि काय नाही, हे कॅनडाची अन्न तपासणी संस्था ठरवते आणि तिच्या एअर्स नावाच्या संकेतस्थळावरील प्रणालीत पदार्थ व मूळ देश टाकला की उत्तर मिळते. विमानातून नेलेला गोडा मसाला किंवा भाजणी घोषणापत्रात लिहावी; लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेल्या वस्तूवर दंड होतो.

मातीला परवान्याशिवाय बंदी आहे आणि ती अगदी थोडी असली तरी. म्हणून तुळशीचे रोप नेता येणार नाही. पितळी किंवा दगडी वृंदावन घासून-पुसून, कोरडे करून नेता येईल. पाटा-वरवंटा, जाते, बागेतील खुरपे, ट्रेकिंगचे बूट आणि मुलांच्या सायकलींची चाके यांच्या खाचांतील माती ब्रशने काढून टाकावी. सह्याद्रीतली लाल माती बुटाच्या तळव्याला किती घट्ट चिकटते, हे सांगायला नको. शाडूच्या मूर्तीला माती समजावे की मूर्ती, हा वाद परक्या बंदरात घालण्यापेक्षा धातूची मूर्ती न्यावी. खराटा, केरसुणी, सुप अशा वनस्पतीजन्य वस्तूंचा आग्रह धरू नये.

लहान मुलांच्या वस्तूंवर काही बंधने आहेत का?

आहेत, आणि ती अनपेक्षित आहेत. बाळाला मधोमध बसवून चाकांवर फिरणारा प्लास्टिकचा वॉकर आपल्याकडे घरोघरी दिसतो. जिन्यावरून कोसळून होणाऱ्या गंभीर दुखापतींमुळे कॅनडाने २००४ च्या एप्रिलपासून त्यावर पूर्ण बंदी घातली आहे. तो विकणे तर सोडाच, आयात करणेही बेकायदा आहे, वापरलेला असला तरी. ही बंदी बाळाला चारी बाजूंनी घेरणाऱ्या वॉकरवर आहे. मागून धरून ढकलायचा लाकडी पांगुळगाडा हा वेगळा प्रकार आहे.

मोटारीत बसवायच्या बाळाच्या आसनावर मेपलच्या पानाचे कॅनडाचे राष्ट्रीय सुरक्षा चिन्ह असणे आवश्यक असते. भारतात विकत घेतलेल्या आसनावर ते नसते. ते येथेच कोणाला तरी देऊन टाकावे.

औषधे किती नेता येतात?

स्वतःच्या वापरासाठी ९० दिवसांपुरती किंवा एका उपचारक्रमाला पुरतील इतकी, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी. मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि हातातील सामानात न्यावीत, कंटेनरमध्ये टाकू नयेत.

घराण्याची तलवार किंवा कट्यार न्यायची आहे.

येथे बारकाईने पाहावे लागते. कॅनडात प्रतिबंधित शस्त्रांच्या यादीत अशा खंजिराचा समावेश आहे ज्याची मूठ पात्याला काटकोनात बसवलेली असते. आपली आडव्या मुठीची कट्यार या वर्णनात तंतोतंत बसते, आणि ती भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू आहे हे उत्तर तेथे पुरत नाही. साधी तलवार त्या यादीत नाही, पण ती भारतातून बाहेर नेताना येथील शस्त्र कायदा आणि वर सांगितलेली शंभर वर्षांची मर्यादा या दोन्हींतून पार व्हावी लागते. पर्समध्ये ठेवलेला मिरपुडीचा फवारा मात्र आठवणीने बाहेर काढावा. माणसांविरुद्ध वापरण्यासाठी तयार केलेला असा फवारा कॅनडात प्रतिबंधित शस्त्र मानला जातो.

गाडी किंवा मोटारसायकल नेता येईल का?

बहुतेकांसाठी उत्तर नकारार्थी आहे. कॅनडाच्या सुरक्षा मानकांनुसार न बनवलेले वाहन निर्मितीच्या तारखेपासून १५ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय आयात करता येत नाही. जुन्या बुलेटवर जीव असलेल्यांना ही वाट मोकळी आहे, फक्त तिच्या सांध्यांतील माती आणि ग्रीस नीट धुऊन काढावे.

रोख रक्कम, मद्य आणि तंबाखू?

१०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त मूल्याचे चलन सोबत असेल तर ते घोषित करावे लागते. त्यावर कर नसतो. न सांगितल्यास मात्र रक्कम जप्त होऊ शकते. भारतातून जाताना भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात. मद्याची सवलत १.१४ लिटर कडक मद्य किंवा १.५ लिटर वाइन किंवा ८.५ लिटर बिअर इतकी, आणि तंबाखूची २०० सिगारेटी, ५० सिगार आणि २०० ग्रॅम तंबाखू इतकी आहे. दोन्ही स्वतःसोबतच न्यावे लागतात, मागाहून येणाऱ्या सामानात नव्हे.

सामान कॅनडात पोहोचल्यावर काय करायचे?

न्हावाशेवाहून निघालेला कंटेनर पूर्वेकडील हॅलिफॅक्स किंवा मॉन्ट्रिऑल, अथवा पश्चिमेकडील व्हँकुव्हर किंवा प्रिन्स रूपर्ट येथे उतरतो, आणि टोरांटो परिसरासाठी असेल तर पुढे रेल्वेने येतो. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. त्याहून कमी सामान असणाऱ्यांचे सामान इतरांसोबत एकाच कंटेनरमध्ये येते आणि गोदामात वेगळे केले जाते. अशा सामायिक कंटेनरमध्ये दुसऱ्या कोणाच्या सामानात काही आक्षेपार्ह निघाले, तर आपलेही सामान थांबते, हे गृहीत धरावे.

सामान आल्याची सूचना मिळाली की पासपोर्ट, पीआरची कागदपत्रे, शिक्का मारलेला बीएसएफ १८६ आणि वाहतूक कंपनीने दिलेला मालाचा कागद घेऊन सीबीएसएच्या जवळच्या कार्यालयात स्वतः जावे. यादी नीट असेल तर येथे थोडेसे प्रश्न विचारून कागदावर मंजुरीचा शिक्का मिळतो, आणि तो गोदामात दाखवला की सामान सुटते. दलाल नेमण्याची सक्ती नाही. पैसे जातात ते गोदामात : ठरावीक दिवस उलटले की रोजचे भाडे चढत जाते, आणि अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष तपासणी करायचे ठरवले तर कंटेनर हलवणे, रिकामा करणे आणि पुन्हा भरणे यांचा खर्च मालकानेच द्यायचा असतो. भारतात पॅकर्सनी सांगितलेल्या ‘दारापर्यंत’च्या दरात हे खर्च धरले आहेत का, हे लेखी विचारावे. बहुतेक वेळा ते धरलेले नसतात.

आम्ही पूर्वी कॅनडात होतो, काही वर्षे पुण्यात राहून आता परत जात आहोत.

मग आपण सेटलर नसून माजी रहिवासी आहात आणि आपल्याला ९८०५ हा वेगळा क्रमांक लागू होतो. किमान एक वर्ष बाहेर राहिलेले असावे, आणि वस्तू परतण्यापूर्वी किमान सहा महिने मालकीच्या, ताब्यातल्या व वापरातल्या असाव्यात. पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ बाहेर असलेल्यांना सहा महिन्यांची अट नाही. वस्तू परतण्यापूर्वी वापरलेली असली म्हणजे पुरे. १०,००० डॉलरची मर्यादा येथेही आहे. परतीचा निर्णय घेतला की नवी खरेदी थांबवावी, हा या नियमाचा व्यवहारातील अर्थ.

आई-वडिलांच्या निधनानंतर वारशाने आलेल्या वस्तू आणायच्या आहेत.

मृत्यूच्या वेळी आपण कॅनडाचे रहिवासी असाल, तर वारशाच्या वस्तूंसाठी स्वतंत्र तरतूद आहे आणि त्यात आपण त्या वापरलेल्या असण्याची अट नाही. मृत्युपत्राची किंवा वारसाहक्काच्या कागदांची प्रत, मृत्यूचा दाखला आणि वस्तूंची यादी लागते. मराठीतील कागदपत्रांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर भारतात असतानाच करून घ्यावे, कारण तेराव्यानंतर आठवड्याभरात परतीचे विमान गाठायचे असते आणि नंतर ही धावपळ तिकडून होत नाही.

माफीत आणलेली वस्तू नंतर विकता येते का?

१२ महिन्यांनंतर खुशाल. त्याआधी विकली किंवा कोणाला देऊन टाकली, तर त्या वस्तूवरील शुल्क व कर ताबडतोब भरावे लागतात. नव्या घराच्या दारातून आत न जाणारा सोफा पहिल्याच महिन्यात ऑनलाइन विकायला काढणारे बरेच जण असतात. निघण्यापूर्वी तेथील घराच्या दाराचे माप मागवून घेतले तर ती वेळ येत नाही.